प्रेस नंबर चारची शेवटची पायरी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

नोकरी लागली. तीही पितृपक्षात. या दिवसांत लोक नवा चमचासुद्धा विकत घेत नाहीत, त्यामुळे मुलाखतीला माझ्याशिवाय कोणीच आलं नव्हतं. प्लांट मॅनेजर राजेंद्र साहेबांनी हे मोठ्या निरागसपणे सांगून टाकलं. माझं वय एकोणपन्नास, आणि जुन्या कंपनीने 'स्वेच्छेने' घरी बसवल्याला चौदा महिने झालेले. मी मनात पितरांना नमस्कार केला आणि सही केली.

कारखाना अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीत. कुकरच्या झाकणात बसते ती रबरी रिंग इथे होते. म्हणजे उभ्या महाराष्ट्राची डाळ आमच्या भरवशावर शिजते. आठ हायड्रॉलिक प्रेस आहेत आणि त्यांच्या पीएलसी सांभाळणं हे माझं काम. मी नेमकं काय करते ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही, तेव्हा इथे एकदा लिहून ठेवते. पीएलसी म्हणजे पॅनेलमध्ये बसवलेला, जेवणाच्या डब्याएवढा डबा. मशिनची सगळी अक्कल त्यात. आतला प्रोग्राम शिडीसारखा दिसतो, एकाखाली एक पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर एक अट. पंप चालू आहे? साचा तापला? दार बंद आहे? पुरी झालेली अट स्क्रीनवर हिरवी दिसते. सगळ्या हिरव्या झाल्या की प्रेस मिटते, साठ टनांनी. संसारात अशा अटी घालायची सोय असती, तर माझा अजून टिकला असता.

लेडीज टॉयलेट आहे. त्याची चावी वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाकडे. मोबाइल गेटवरच्या खणात जमा करायचे, संध्याकाळी परत. बदलापूरला भाड्याने घर मिळालंय, खिडकीतून डोंगर दिसतो. सगळे मला अनुजा मॅडम म्हणतात. 'अनुया' म्हणायला जिभेला काय होतं कळत नाही. पण एकूण मजेत आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज जावयाशी ओळख झाली.

प्रत्येक प्रेसला पुढे जाळीचं दार आहे. ते बंद झालं की दारावरचं लोहचुंबक चौकटीवरच्या सेन्सरसमोर येतं आणि पीएलसीला कळतं की आत कोणाचा हात नाही. पण दर रिंगेला दार उघडा-लावायचा कंटाळा. म्हणून सेन्सरवर एक सुटं चुंबक काळ्या पट्टीने चिकटवायचं. मग दार सताड उघडं असलं तरी पीएलसी समजते, बंद आहे. या चुंबकाला इथे जावई म्हणतात. काही काम करत नाही, नुसता बसून राहतो आणि त्याला कोणी ऊठ म्हणत नाही.

मी आठही जावई उपटले आणि ड्रॉवरमध्ये कोंडले. दिनानाथ म्हणून आमचे फिटर आहेत, तीस वर्षं इथेच. ते हळहळले. म्हणाले, "मॅडम, मानाचे आहेत ते. खंडेनवमीला त्यांनाही हळदकुंकू असतं." मी म्हटलं, माहेरी पाठवलेत म्हणून समजा.

१३ सप्टेंबर, शनिवार

प्रेस चारवर भावना असते. जवळच्या कॅम्प चार वस्तीत राहते, वय सव्वीस, डावखुरी, तोंडाने फटाकडी. तिची आई जनाबाई याच प्रेसवर होती, उजव्या हाताची दोन बोटं इथेच देऊन घरी बसली. भावनाला इथून सुटायचंय. मिनिटाला तीस शब्दांची टायपिंग परीक्षा झालीय, डिसेंबरात चाळीसची आहे. मग सरकारी क्लार्क. रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या केबिनमध्ये येऊन माझ्या कीबोर्डवर सराव करते. तिची दहा बोटं पाहत मी पोळी-भाजी खाते. डावी पाच जरा जास्तच पळतात. मी तसं म्हटलं तर म्हणते, "मॅडम, नोकरी लागली की पहिलं पत्र तुमच्याच बदलीचं टाइप करते बघा."

१५ सप्टेंबर, सोमवार

आज चार नंबरचा प्रोग्राम लॅपटॉपवर उघडला. माझ्या आधीच्या इंजिनिअरने, विष्णुपंतांनी, वीस वर्षं शिडी बांधली. सगळं नेटकं. पण शेवटच्या चार पायऱ्या मला कळेनात. त्यांना सेन्सर नाही, वायर नाही, नुसता शेरा आणि तारीख.

जनाबाई, उजवी दोन बोटं.
हरिचंद्र, डावा अंगठा.
कोंडाजी, डावं कोपर.
विष्णुपंत, उजवा हात.

चारही हिरव्या. एकदा लागली की वीज गेली तरी सुटत नाही अशा जातीची अट. प्रेस चालायला या चारही लागलेल्या असाव्या लागतात.

दिनानाथांना विचारलं. म्हणाले, अपघात झाला की विष्णुपंत त्या माणसाच्या नावाची पायरी घालायचे. खंडेनवमीला प्रेसपुढे उभं राहून ही नावं इंजिनिअरने मोठ्याने वाचायची असा इथला रिवाज आहे, यंदा तुम्ही वाचायची. कंपनीने दुसरं स्मारक बांधलेलं नाही, तेव्हा हेही काही वाईट नाही असं मला वाटलं. मी प्रोग्रामला माझा पासवर्ड टाकला आणि चहा मागवला.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी चार नंबर सुरूच होईना. लॅपटॉप जोडला तर खाली पाचवी पायरी.

भावना, डावा हात.

कालची तारीख. काळी, न लागलेली.

पासवर्ड माझा, लॅपटॉप माझा, तो माझ्याबरोबर बदलापूरला. कोणीतरी थट्टा करतंय म्हणावं तर त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त काम येतं, आणि असा माणूस या कारखान्यात टिकला नसता. पायरी पुसली. प्रेस चालू झाली. भावनाला काही सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा तीच पायरी. पुसली.

२० सप्टेंबर, शनिवार

काल शुक्रवारची सुट्टी. कारखाना बंद, मेन स्विच खाली पाडलेला. आज सकाळी पायरी होती.

राजेंद्र साहेबांचा एकच धोशा, दिवाळीची ऑर्डर आहे, चार नंबर थांबता कामा नये. मी पायरीचं सांगितलं. ते म्हणाले, मग रोज पुसा, त्यात काय, टेबल नाही का पुसत आपण.

दुपारी अपघातांचं रजिस्टर मागवलं. विष्णुपंतांच्या तारखा शेजारी ठेवल्या. वाटलं होतं, आधी अपघात आणि मग पायरी.

जनाबाईची पायरी ३ मार्चची. अपघात १४ मार्चचा.
हरिचंद्रची नऊ दिवस आधीची.
कोंडाजीची पंधरा दिवस आधीची.

तीनदा ताडून पाहिलं. चष्मा पुसून चौथ्यांदा.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. मी भावनाला पॅकिंगला बसवलं. कारण विचारलं तिने, मी काहीतरी थाप मारली. ती भयंकर चिडली. पॅकिंगला म्हाताऱ्या बसतात, तिची प्रेस ती कोणाला देणार नाही, आईनंतर ती तिची आहे, वगैरे. आज सरावाला आली नाही. केबिनमध्ये कीबोर्ड गप्प होता.

प्रेस मी स्वतः सुरू करायला गेले. पायरीवर नाव तिचंच. ती तिथे नसतानाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज पुसली तर पुसली जाईना. शेरा मात्र बदलता येत होता.

सगळे काचेपलीकडून बघत होते, राजेंद्र साहेब घड्याळ दाखवत होते. मला कुठून हुक्की आली कोणास ठाऊक. भावनाचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. अनुया. पुढे 'उजवा हात' मी लिहिलं नव्हतं. ते आपोआप आलं.

आणि प्रेस सुरू झाली. पायरी काळीच, तरी सुरू. एखाद्याला जामीन मिळाला की सोडतात तशी.

आणि मला हसू आलं होतं. या कारखान्यात माझं नाव बरोबर लिहिणारं एवढं एकच कोणी निघालं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चार नंबरची तेलाची नळी फुटली. गरम तेल बरोबर तिथून उडालं जिथे क्षणापूर्वी माझा हात होता. पाना उचलायला मी वाकले होते म्हणून वाचले. दिनानाथ म्हणाले, नळी गेल्याच महिन्यात नवी टाकली होती.

२७ सप्टेंबर, शनिवार

जाळीचं दार. मी उघडून धरलं होतं आणि ते आपोआप आपटलं. उजवी बाही अडकली. बांगडी फुटली. दोन बोटांचं अंतर. घरी काही होत नाही, रिक्षात नाही, फक्त चारपाशी. मी आता उजवा हात ओढणीत गुंडाळून तिच्यासमोरून जाते. लोक हसतात. हसू दे.

२८ सप्टेंबर, रविवार

पाचला सुटले आणि विष्णुपंतांच्या घरी गेले, शिवमंदिर रोडला. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची बायको, सगळे माई म्हणतात, एकटी असते. मला पाहून आधी माझे दोन्ही हात पाहिले. मग चहा टाकला.

जे सांगितलं ते तसंच लिहिते. त्या पायऱ्या विष्णुपंतांनी घातल्याच नव्हत्या. त्या यायच्या. ते पुसायचे. जनाबाईची पुसली, हरिचंद्रची पुसली, कोंडाजीची तर रोज पुसली. उपयोग झाला नाही. चौथ्यांदा आली ती जनाबाईच्या मुलीच्या नावाने. भावना तेव्हा नुकतीच लागली होती. विष्णुपंतांनी तिचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं, मुद्दाम. आणि नऊ दिवसांनी घरी आले ते उजव्या हाताशिवाय. माईंनी हे असं सांगितलं जसं कोणी दुधाची पिशवी फाटल्याचं सांगावं. पुढे म्हणाल्या, मशिनला तीच हवी होती, मधे हे आले, म्हणून थांबली होती एवढंच.

निघताना दारात थांबवलं. म्हणाल्या, एक गोष्ट ते बजावून गेलेत. एकदा आपलं नाव लिहिलं की मागे घ्यायचं नाही. घेतलं तर ती दोघांचं घेते. मग माझा उजवा हात हातात घेऊन जरा वेळ उभ्या राहिल्या. त्यांचा तळवा गार होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

हे लिहायचं नव्हतं.

माझं नाव खोडलं. भावनाचं परत लिहिलं. पायरी काळीच, पण या वेळी प्रेस थांबली नाही.

कारणं तयार आहेत माझ्याकडे, मी काही कमी शिकलेली नाही. ती पॅकिंगला आहे, प्रेसपासून साठ पावलं. तिचा हात तिथे पोचणारच नाही. परवा खंडेनवमी, त्या दिवशी मी मेनला कुलूप घालणार, चावी माझ्याकडे. मग कोणालाच काही होणार नाही. आणि म्हातारीचं काय ऐकायचं.

म्हणजे नावं येतात एवढं मी मानलं, आणि दोघांचं जातं ते मानलं नाही. सोयीचं तेवढं मानलं. आयुष्यभर दुसऱ्यांची टर उडवली ती याच गोष्टीसाठी.

आज भावनाशी बोलले. सॉरी म्हणाले. ती लगेच निवळली. जेवणाच्या सुट्टीत आली आणि टायपिंग केलं. मी तिच्या हातांकडे पाहिलं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

दार आपटलं नाही. नळी फुटली नाही. उजवा हात मोकळा. छान झोप — नाही, खोटं कशाला लिहू.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी १०

मेन पाडला. कुलूप घातलं. चावी खिशात. मी केबिनमध्ये आहे, समोर काच, काचेपलीकडे चार नंबर. लॅपटॉप जोडलेला. पीएलसीला तिची बॅटरी आहे, त्यामुळे पायऱ्या दिसतायत. शेवटची काळी. काळीच राहणार.

बाहेर झेंडूची तोरणं चाललीयत. पूजा अकराला. नावं मी वाचणार. पाचवं वाचणार नाही.

१०.२०

दिनानाथ येऊन तक्रार करून गेले. मेन बंद केल्यामुळे माइक नाही, पंखे नाहीत, साहेब घामाघूम. मी म्हटलं, घाम पुसा. ते पुटपुटत गेले.

१०.३५

ड्रॉवर उघडा आहे. जावई नाहीत.

दिसले. दिनानाथांनी ताटात ओळीने मांडलेत. कुंकू लावलंय. आता एकेक उचलून ज्याच्या त्याच्या जागेवर — मानाने — चार नंबरच्या सेन्सरवर —

असू दे. वीज नाही. चावी माझ्याकडे.

१०.४०

भावना. पॅकिंगमधून आली. हातात फडकं. आज ज्याची त्याने आपली प्रेस पुसायची असते, मी विसरले. कशी विसरले. जाळीचं दार उघडून आत वाकलीय. साच्याची खालची प्लेट पुसतेय. डाव्या हाताने. मी काच वाजवली. तिने हसून हात हलवला. परत वाकली.

मागच्या शेडमध्ये काहीतरी घरघरलं.

जनरेटर. माइकसाठी जनरेटर लावला त्यांनी. मेन बंद म्हणून. मी बंद केला म्हणून. आणि चार नंबरची लाइन — विष्णुपंतांच्या ड्रॉइंगवर आहे, मी पाहिलं होतं, मीच पाहिलं होतं — चार नंबर जनरेटरवर आहे —

स्क्रीनवर पंप हिरवा. दार हिरवं. साचा —

नाव बदलायला हवं, माझं नाव, बोटं चालत नाहीत, पासवर्ड चुकतो, परत चुकला

काचेतून ओरडून ऐकू जाणार नाही

मी जाते

५ ऑक्टोबर, रविवार. दवाखाना, कॅम्प चार. दुपार

डाव्या हाताने. अक्षर वाईट. सवय नाही.

भावनाला ओढून काढलं. तिचे दोन्ही हात शाबूत. काल येऊन गेली, डबा दोन्ही हातांनी धरला होता. खूप रडली. मला मॅडम न म्हणता ताई म्हणाली. मी सांगणार होते, २९ तारखेला मी काय केलं. सांगितलं नाही.

आता दिनानाथ येऊन गेले. माझा लॅपटॉप तसाच जोडलेला आहे म्हणाले. कोणी हात लावला नाही. नवी पायरी आलीय. अनुया, उजवा हात. हिरवी. पहिल्यांदाच माझं नाव बरोबर म्हणाले ते.

मी विचारलं, आणि भावनाची पायरी? गेली?

म्हणाले, नाही. आहे. तुमच्याखाली. काळीच.

आणि म्हणाले — सहज म्हणाले, केळी ठेवता ठेवता — की भावनाने साहेबांशी भांडून चार नंबर परत मागून घेतली. ताईंची प्रेस दुसऱ्या कोणाला देणार नाही म्हणाली. आज दुसऱ्या पाळीपासून.

दुसरी पाळी तीनला लागते.

तिचा मोबाइल गेटवरच्या खणात. वाजतोय. गेटचा फोन वाजतोय. वॉचमन चहाला. राजेंद्र साहेबांचा बंद. परत लावते. डाव्या हाताने नंबर चुकतो. सिस्टरला म्हटलं, लावून द्या. ती म्हणाली, शांत पडा आजी, उगाच

तीनला सात कमी. लागला. गेटवर कोणीतरी उचलला. मी म्हटलं, भावनाला, चार नंबरवर, तिला सांगा, दाराला हात — तो म्हणाला, थांबा मॅडम, आत काहीतरी